मणके ढिले करणारी गाडी

गाड्या माणसांचं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेत, त्या काळातली ही गोष्ट.

एका सोसायटीत दोन ठोकळ्यासारख्या चौकोनी गाड्या शेजारी उभ्या असत. दसऱ्याला हार घालतानाही पेंडसे आपल्या गाडीवर करवादले, "मणके ढिले केले हिनं! दिवाळीआधी विकतो." शेजारचे घोरपडे मात्र आपल्या गाडीचं बॉनेट थोपटत म्हणाले, "वाघीण आहे माझी!"

पेंडशांची गाडी हिरमुसली. "ताई, तू नाही आदळत?"

"आदळते की! पण आमचं शेत डोंगरात, तिथं रस्ताच नाही, मीच काय ती चढते. उद्या तुम्ही कुलदेवीला चाललात ना? बघ."

दुसऱ्या दिवशी बाकीच्या भाविकांच्या गाड्या डोंगराच्या पायथ्याशीच थांबल्या; ही देवळापर्यंत चढली. घरी परतल्यावर पेंडसे कंबर धरून उतरले.

"मणके ढिले केले..."

गाडीनं श्वास रोखला.

"...त्या मेल्या रस्त्यानं!" म्हणत पेंडशांनी तिचं बॉनेट थोपटलं.