राजेसाहेबांच्या मोटारीचा पट्टा

कुसूरगडच्या राजेसाहेबांची मोटार पुन्हा मागे सरकेना! यंदाची ही पाचवी खेप. मोटार जुनी, विलायती, आपोआप गिअर बदलणारी; आणि दर खेपेला तिच्या गिअरबॉक्समधला तोच एक मागे नेणारा पट्टा तुटायचा.

राजेसाहेब तापले. तात्या मिस्त्रींना म्हणाले, "नवा पट्टा बसवा. पुन्हा तुटला, तर मोटारखान्यातलं घर रिकामं करायचं!"

तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण बायको हौसाबाई खमकी! पट्टा बसल्याबरोबर ती राजेसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, आम्हा दोघांना मोटारीत बसवा. दुखणं पट्ट्याचं नाही, भलतीकडंच आहे."

"बसा! तेही बघू."

दोघं पुढच्या बाकावर बसली. राजेसाहेब मागे. मोटार देवडीबाहेर पडली आणि पुढे धावत असतानाच ड्रायव्हर सर्जेरावांनी गिअरचा दांडा खाडकन उलटा ओढला. मोटार कळवळली, वीतभर मागे आली आणि मग पुढे निघाली.

"अगं बाई! हे काय?"

"रिवाज!" राजेसाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले. "निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. आमची मोटारसुद्धा नुसती जात नाही. आधी येते, मग जाते!"

"मग तुटेल नाहीतर काय! धावत्या माणसाची शेंडी मागून ओढली तर मान राहील का जागेवर? निदान आधी थांबा तरी!"

"छे! निघाल्यावर थांबणं म्हणजे महाअपशकुन! रिवाज मोडायचा नाही, पट्टा तुटायचा नाही. काढ वाट! नाहीतर उद्या सामान बांधा."

तात्यांनी कपाळाला हात लावला. हौसाबाईनं मात्र मान वळवून विचारलं, "सरकार, आपण राणीसाहेबांना 'येतो' म्हणता, तेव्हा उलटी पावलं टाकता का हो?"

"छट्! आम्ही काय वेडे? नुसतं तोंडानं म्हणतो."

"मग मोटारीला तोंड नाही होय?"

असं म्हणून तिनं सर्जेरावांच्या पुढ्यातून हात घातला आणि भोंगा दाबला. पोंऽऽप!

"घ्या! म्हणाली की 'येते'!"

राजेसाहेब असे हसत सुटले, की फेटा कानावर आला.

"तात्या, ते घर आजपासून हौसाबाईच्या नावावर! यापुढे तुम्हाला घराबाहेर काढायचा अधिकार आमचा नाही, तिचा!"