सावल्या तोडणारा पाहुणा

एकदा काय झालं, ऐका हं. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या वर देवाची राई होती. तिथलं पानसुद्धा कुणी तोडत नसे. राईतल्या झऱ्यावर अख्खा गाव पाणी प्यायचा.

मग एके दिवशी एक पाहुणा आला. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं गोड. म्हणाला, "मला झाडांची फार आवड. थोडे दिवस राईत राहू का?" हातात साधी काठीसुद्धा नव्हती, बरं का! गावानं हो म्हटलं.

मग काय झालं? आधी जांभूळ वाळलं. मग हिरडा वाळला. मग भलामोठा बेहडा वाळला. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. खोडावर घाव नाही, कुऱ्हाडीचा आवाज नाही. मग गावाला संशय आला हरबा सुताराचा. "त्यालाच लाकूड लागतं! मुळाशी काहीतरी घातलं असणार." पाणवठ्यावर बाया त्याच्या बायकोशी बोलेनाशा झाल्या. पाहुणाही मान डोलवून म्हणायचा, "मलाही तसंच वाटतं हो."

गावात एक ठकूआत्या होती. तिच्या मनात आलं, काल आलेला हा माणूस, याला हरबाची काय माहिती? मग ती सकाळी गुपचूप पाहुण्याच्या मागे गेली आणि झुडपाआड बसली. राईच्या कडेला कोवळं ऊन पडलं होतं. पाहुणा उभा होता, हात रिकामे. पण त्याची सावली... सावलीच्या खांद्यावर कुऱ्हाड! त्या सावलीनं कुऱ्हाड उचलली आणि ऐनाच्या झाडाच्या सावलीवर घातली. आवाज नाही. वरून पानं मात्र सळसळ गळली.

आत्या धावत गावात आली. कुणाला पटेना. म्हणाले, "आत्याला भास झाला." एकटा हरबा उठला. "चल आत्या, मी येतो."

मग दोघं राईत गेले आणि आत्या अशी उभी राहिली, की तिची सावली ऐनाच्या सावलीवर पडली. पाहुणा हसला. "आत्या, बाजूला व्हा. लागेल."

"झरा आटल्यावर जायचं कुठं, बाबा? मी नाही बाजूला सरत."

कुऱ्हाड पडली. आत्याचा हात लुळा पडला. ती किंचाळली, पण हलली नाही. मग हरबा तिच्या शेजारी उभा राहिला. किंकाळी ऐकून सारा गाव धावत आला. सगळ्यांनी ती कुऱ्हाड डोळ्यांनी पाहिली! मग बाया, गडी, म्हातारीकोतारी, सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. साऱ्यांची मिळून एकच दाट सावली झाली. तिच्यात कुऱ्हाड रुतली ती रुतलीच. पाहुणा ओढतोय, ओढतोय! रोज दुपारी तो गर्द झाडीत शिरायचा, आज कुऱ्हाड अडकल्यानं हलता येईना. ओढता ओढता सूर्य डोक्यावर आला. पाहुण्याची सावली आखडत आखडत पायाखाली गेली, नाहीशी झाली. आणि तिच्यामागून पाहुणाही कापरासारखा उडून गेला.

मग हरबाकडे बघायची कुणाची छाती होईना. पाटील म्हणाले, "चुकलो रे आम्ही." हरबा म्हणाला, "आधी झाडांना पाणी घालू या."

मग घराघरातून कळश्या आल्या. वाळक्या झाडांना पालवी फुटली. आत्याचं एकेक बोट हलू लागलं. तेव्हापासून राईची राखण एकट्यादुकट्यावर सोडली नाही, घरटी पाळी लावली. झरा वाहता राहिला, गाव सुखानं नांदला.

चला, पांघरुणं घ्या आता. डोळे मिटा बघू.