चिमी चिचुंद्रीची थापी

टेकडीखाली घर बांधायचं चाललं होतं. तिथे होती एक एवढीशी चिचुंद्री. चिमी तिचं नाव. वर्षभर तिनं घमेली वाहिली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वर्ष भरलं की हातात थापी घ्यायची आणि गवंडीकाम शिकायचं, असा तिथला रिवाज. चिमीनं छोटी थापी उचलली. बोकोबा मिस्त्रींनी ती हिसकावली.

म्हणाले, "घमेली वाहणारे भिंती बांधत नाहीत. आधी एक वीट सरळ लावून दाखव. मग थापी."

मिस्त्री झाले म्हणून काय झालं? चिमीला आला राग. शेपटी आपटली, सप्प!

गेली विटेकडे. तुरुतुरु.
"विटे विटे, भिंतीत ये.
मिस्त्री थापी देईना,
मी पण मागे हटेना!"
वीट म्हणाली, "मी आहे कोरडी. कोरडी वीट टिकत नाही. विहीर पाणी देईल, तर येईन."

गेली विहिरीकडे. तुरुतुरु.
"विहिरी विहिरी, पाणी दे.
वीट भिंतीत येईना,
मिस्त्री थापी देईना,
मी पण मागे हटेना!"
विहीर म्हणाली, "बादली खाली येईल, तर देईन."

गेली बादलीकडे. तुरुतुरु.
"बादली बादली, खाली जा.
विहीर पाणी देईना,
वीट भिंतीत येईना,
मिस्त्री थापी देईना,
मी पण मागे हटेना!"
बादली म्हणाली, "दोरी मला धरेल, तर जाईन."

गेली दोरीकडे. तुरुतुरु.
"दोरी दोरी, बादली धर.
बादली खाली जाईना,
विहीर पाणी देईना,
वीट भिंतीत येईना,
मिस्त्री थापी देईना,
मी पण मागे हटेना!"
दोरी म्हणाली, "माझ्या पोटात गाठ. ती सुटेल, तर धरेन. पण मोठमोठ्यांना ती सुटली नाही. तू जा घरी."

"घरी? मुळीच नाही."

चिमी बसली ठाण मांडून. बारीक नखं घातली गाठीत. ओढलं, ओढलं. नख दुखलं. रडू आलं. रडत रडत पुन्हा ओढलं. आणि गाठ सुटली, सुर्रर्र!

दोरीनं बादली धरली. बादली खाली गेली, डुबुक! विहिरीनं पाणी दिलं, खळखळ. वीट पाणी प्याली, गटगट. गारेगार होऊन भिंतीत आली.

थापी तर नव्हतीच. चिमीनं सिमेंटचा ओला माल पंजानंच पसरला, थपक थपक. वर वीट बसवली.

मिस्त्री आले. सुताला बांधलेलं वजन, म्हणजे ओळंबा, भिंतीला लावला. इकडून बघितलं. तिकडून बघितलं. डोळे चोळून बघितलं. वीट सरळच!

मिस्त्रींच्या मिशा खाली झुकल्या. त्यांनी गुपचूप थापी दिली.

चिमीनं ती घट्ट धरली. दुसरी वीट घेतली. म्हणाली, "मिस्त्री, माल संपला. घमेलं घेऊन या."

आणि मिस्त्री गेले की घमेलं आणायला! धप धप, धप धप.