बुवांची कच्ची डाळ

एक आचारी होता. सगळे त्याला बुवा म्हणत. उभ्या आयुष्यात त्याची डाळ एकदाही कच्ची राहिली नव्हती, आणि तो ज्या गावचा होता तिथे एवढ्यावरच माणूस पूजनीय ठरत असे. कारण त्या गावाचे पाणी जड होते. नळाचे पाणी बादलीत काचेसारखे स्वच्छ दिसायचे. पण साबण झिजेपर्यंत घासला तरी फेस येत नसे, न्हायलेले केस तारेसारखे राठ होत, पेले कितीही पुसा, पांढरे डाग तसेच. पाणी तापवायच्या कॉइलवर वर्षभरात बोटभर दगड चढे. आणि तुरीची डाळ? कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या तरी डाळ एकीकडे, पाणी एकीकडे.

याचा दोष पाण्याला कुणी देत नसे. तो नव्या सुनेला मिळे. "हिच्या हाताला गुण नाही," म्हणून सासवा मोकळ्या होत. त्यांच्या सासवांनी त्यांना हेच ऐकवले होते, आणि तेव्हा त्या रडल्याही होत्या. पण सासू झाल्यावर ते विसरायची सोय असते.

बुवांच्या हाताला मात्र गुण होता. देवस्थानच्या जेवणावळीला चारशे पाने उठत आणि वरण लोण्यासारखे. म्हातारे लोक बुवांचा उजवा हात कपाळाला लावत. बुवा लावू देत.

त्यांच्या हाताखाली वैजू नावाची मुलगी सात वर्षे शिकत होती. बारावीत शाळा सोडलेली, तोंडाने फटकळ. चारशे पानांचा अंदाज, फोडणीची वेळ, भट्टीचा जाळ, सगळे तिला येत होते. एकच काम बुवा तिला करू देत नसत. जेवणावळीच्या आदल्या दिवशी पाण्याचा हंडा ते स्वतः भरत, स्वतः भट्टीवर चढवत आणि म्हणत, "तू जा, कांदे निवड."

एका वर्षी बुवा तापाने आजारी पडले. वैजूने एकटीने जेवण रांधले. सगळे उत्तम झाले. फक्त डाळ कच्ची राहिली. गावाने बाकी सगळे खाल्ले आणि लक्षात डाळ ठेवली.

पुढे बुवा थकले. त्यांनी पंचांना सांगितले, "माझ्यानंतर डाव वैजूच्या हाती जाईल." डाव म्हणजे वरण ढवळायची त्यांची लांब दांड्याची पितळी पळी. मुदपाकखान्याचा मान तिच्यात होता.

पंचांतले वडीलधारे नाना हसले. "बुवा, पोरगी कामाची आहे, नाही कुठं म्हणतोय? पण गुण शिकवून येतो होय? हिनं शाळा तरी कुठं पुरी केली! उद्या वरण करून दाखवू दे. बिघडलं, तर आम्ही बाहेरगावचा आचारी बघू."

वैजू तिथून उठली. रागाने भांडी घासायला बसली. सात वर्षे हंडा घासत होती, पण त्या दिवशी राग मनगटात उतरला आणि बुडाची पांढरी खपली तुटून हातात आली. ती थांबली. या हंड्यात कधी काही शिजले नव्हते. नुसते पाणी उकळले होते. आणि असाच दगड घरच्या कॉइलवर होता.

ती खपली घेऊन बुवांसमोर उभी राहिली.

"बुवा, पाणी उकळलं की त्यातला दगड खाली बसतो. रात्रभर निवलं की वरचं पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात डाळ शिजवायची. हेच ना?"

बुवांनी खपली तिच्या हातून घेऊन मुठीत झाकली.

"म्हणजे हाताचा गुण वगैरे काही नाही! माझी डाळ बिघडली तेव्हा तुम्ही काय म्हणालात? 'होईल हळूहळू.' काय होणार होतं हळूहळू?"

बुवांनी मान खाली घातली. "उद्या दोन भट्ट्या लाव," एवढेच म्हणाले.

वैजूने आपला हंडा उकळून ठेवला. बुवांनीही ठेवला. सकाळी दोन भट्ट्या पेटल्या. डाळ एकाच पोत्यातली. आणि वैजूच्या डोळ्यांदेखत बुवांनी आपला निवलेला हंडा गटारात उपडा केला आणि पातेले थेट नळाखाली धरले.

"बुवा, हे काय करताय!"

"तू तुझ्या पातेल्याकडे बघ."

पंच जेवायला बसले, त्यांच्या पंक्तीला बुवाही बसले. मागे दारापाशी बायका उभ्या होत्या. त्यांत बुवांची सूनही होती. दोन वाट्या समोर आल्या, एक बुवांची, एक वैजूची, पण कोणती कुणाची हे कुणी सांगितले नाही. पहिली डाळ नानांच्या दाताखाली कचकन वाजली. "ही पोरीची! सांगितलं होतं मी." दुसरी वाटी त्यांनी ओरपली आणि डोळे मिटले. "वा! बुवांचा हात तो बुवांचाच."

"नाना," बुवा म्हणाले, "कच्ची माझी आहे."

नानांनी वाटी खाली ठेवली.

"हात तोच आहे, तुम्ही कपाळाला लावता तो. आज फक्त पाणी नळाचं होतं. पाणी उकळून निववायची युक्ती मी लपवली, ते एक वेळ सोडून द्या. पण या गावात पोरींना गुण नाही म्हणून हिणवत होते, तेव्हा मी डाव धरून तिथंच उभा होतो. माझी सून बारा वर्षं माझ्याच घरात ऐकते आहे. मी एक शब्द बोललो असतो तर ती सुटली असती. पण मग माझा हात इतरांसारखा झाला असता. ते मला सोसवलं नाही. वैजूला मी शिकवलं नाही. तिनं घासायच्या भांड्यातून शिकून घेतलं. म्हणून डाव मी तिला देत नाही. तो तिचाच आहे. मी फक्त सोडतो आहे."

नानांनी कच्च्या डाळीची वाटी बाजूला सारली. मग हळूच म्हणाले, "बरं. पण पोरी, ही युक्ती आता तुझ्याजवळच ठेव. मान राहील तुझा."

वैजूने डाव उचलला. "नाना, चारशे पानं मी अंदाजानं उठवते, एक घास कमी पडत नाही. माझा मान तिथं आहे. तुमच्या पाण्यात नाही." आणि रिकाम्या हंड्यावर डावाचा दणका देऊन ती दाराकडे वळली. "बायांनो, पाणी आदल्या दिवशी उकळा. झाकून ठेवा. वरचं घ्या, खालचं टाका. तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही."

बुवांची सून पुढे आली. तिने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले, पदराला पुसले आणि वरणाचे पातेले उचलून ताठ मानेने पंक्तीत वाढायला निघाली. पहिली वाटी तिने सासऱ्याच्या पानात ओतली. बुवांनी ते वरण खाली बघून खाल्ले.

कुणी आपल्या हाताचा गुण सांगू लागला, तर त्याला आधी विचारावे: पाणी कोणते होते?