राजाचा घोडा आणि राजाची लेक

डोंगरातल्या एका संस्थानाचे राजे हैबतराव आपल्या लेकीला, सगुणेला, जिवापाड जपत. जेवायला मैद्याच्या पुऱ्या आणि पाकातली मिठाई. वारा लागू नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे. तरी पोर सारखी तापानं फणफणायची, खाल्लेलं पोटात ठरत नसे. आधीचे राजवैद्य हद्दपार झाले होते. आता पाळी धुंडिराज वैद्यांची होती.

"गुण येईल असं औषध द्या, नाहीतर तुरुंगात जा!" राजे गरजले.

तेवढ्यात खाली अंगणात राजांचा लाडका घोडा खिंकाळला.

"देतो, सरकार. पण आधी महिनाभर त्या घोड्याला राजकन्येसारखं ठेवा. तेच ताट, तशीच बंद खोली."

"वेड लागलंय का तुम्हाला? त्याला सालासकट हरभरा लागतो, हिरवा चारा लागतो, सकाळच्या उन्हात रपेट लागते. असं कोंडलं तर महिन्यात मरेल तो!"

"सरकार," वैद्य हलकेच म्हणाले, "लेक तर जन्मापासून तशीच राहतेय."

राजे स्वतः उठून लेकीच्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांनी त्यांनी पडदे ओढून काढले.

त्या दुपारी सगुणेच्या ताटात पहिल्यांदा भाकरी आली.