मागच्या सीटची मजबुती

मागच्या सीटला हात लावला, तर ती बोटभर हलली. मी दचकले. बाबांच्या गॅरेजातले ते दिवस अजून डोळ्यांसमोर आहेत. मालवाहू इलेक्ट्रिक व्हॅन शाळेच्या मुलांसाठी बदलायची होती. तळाखाली बॅटरी, तिला चुकवून खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत बोल्ट नेणं वेळखाऊ, म्हणून घाईत सीटा नुसत्या तळाच्या पत्र्यावर आवळलेल्या.

"तात्या, सीटा काढून खालच्या सांगाड्याला, चासीला बसवा ना!" तात्या मिस्त्री व्हॅनखाली बोल्ट आवळतच राहिले.

शाळेचे अध्यक्ष नाईकनवरे गुरगुरले, "पत्रा भक्कम आहे, पोरी. उद्या उद्घाटन आहे!"

मी चाचरत म्हणाले, "मग साहेब, व्हॅन बंद पडली तर दोर या सीटलाच बांधून ओढू."

"वेडी का काय? सीट उपटून येईल!"

"आणि जोरात ब्रेक लागल्यावर, मुलांसकट?"

अध्यक्षांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"तात्या!" मी पुन्हा हाक मारली.

"काढतो गं, बाय!"