कुंदाबाईंचा पाचवा नियम

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात चौथीपर्यंतची शाळा होती. एके वर्षी त्या शाळेत सहा कॉम्प्युटर आले आणि ते शिकवायचं काम कुंदाबाईंकडे आलं.

कुंदाबाई हाडाच्या शिक्षिका. आधी स्वतः शिकल्या, मग मुलांना शिकवायला लागल्या. ज्यांना माउस धरताही येत नव्हता, ती मुलं दिवाळीपर्यंत मराठीत आपलं नाव टाइप करू लागली, चित्रं रंगवू लागली. पुढे इंटरनेट आलं, तेव्हा बाईंनी फळ्यावर चार नियम लिहिले. अनोळखी माणसाला नाव-गाव सांगायचं नाही. फोटो पाठवायचा नाही. पासवर्ड कुणाला द्यायचा नाही. मला न विचारता काही उघडायचं नाही.

मग जरा थांबून त्यांनी पाचवा लिहिला. यातला एकही नियम जो मोडेल, त्याने महिनाभर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

दुसऱ्याच आठवड्यात चौथीतली गौतमी आपणहून बाईंकडे आली. "बाई, मी माझा पासवर्ड मैत्रिणीला सांगितला."

बाईंना वाईट वाटलं. पण एकीला सूट दिली तर सगळेच मागतील, असं म्हणून त्यांनी मन घट्ट केलं. गौतमी महिनाभर मागच्या बाकावर बसून राहिली.

त्यानंतर वर्गात कुणाची चूक झाली नाही. निदान बाईंच्या कानावर तरी आली नाही. मुलं तयार झाली, असं त्यांना वाटलं. मुख्याध्यापकांनी पालकसभेत त्यांचं कौतुकही केलं.

जानेवारीत मैथिलीचं वागणं बदललं. ही पोर चित्रं रंगवण्यात सगळ्यांच्या पुढे. मधल्या सुट्टीतही ती कॉम्प्युटरसमोरून हलायची नाही. आता कॉम्प्युटरवर बसायची तिची वेळ आली की ती पोट दुखतंय म्हणायची. शुक्रवारी बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"काय झालंय, मैथिली?"

"काही नाही, बाई."

"घरी कुणी रागावलं का?"

मैथिलीने नकारार्थी मान हलवली. मग खाली बघत हळूच विचारलं, "बाई, सांगितलं तर महिनाभर बसवाल?"

सगळ्या वर्गाने माना वळवल्या. मागे गौतमी बघत होती. हो म्हणावं, तर ही पोर तोंड मिटणार. नाही म्हणावं, तर जिला शिक्षा केली तिला काय सांगायचं?

"नाही बसवणार," त्या म्हणाल्या. "आजपासून कुणालाच नाही. तू सांग."

मग मैथिलीला रडू फुटलं. चित्रं रंगवायच्या साइटवर तिला एक 'ताई' भेटली होती. मी पाचवीत आहे, असं ती म्हणायची. तिने आधी चित्रांचं कौतुक केलं, मग शाळेचं नाव विचारलं, मग फोटो मागितला. मैथिलीने सगळं दिलं. आता ती 'ताई' रविवारी बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर रंगपेटी घेऊन येणार होती. एकटीने ये, कुणाला सांगू नकोस, असं तिने बजावलं होतं. नाहीतर तुझा फोटो सगळ्यांना दाखवीन, असंही म्हणाली होती.

बाईंच्या अंगावर काटा आला. पण आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस ते फार बरं केलंस. आता पुढचं आम्ही मोठी माणसं बघू."

त्याच दुपारी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, मैथिलीच्या आईवडिलांना बोलावून घेतलं आणि सगळे मिळून पोलीस ठाण्यात गेले. कॉम्प्युटरवरचं सगळं बोलणं पोलिसांनी वाचलं. रविवारी मैथिली आईजवळ घरीच राहिली. स्टँडवर साध्या कपड्यांतले पोलीस उभे होते. दहाच्या गाडीने रंगपेटी घेऊन उतरला तो चाळिशीतला एक माणूस. पोलिसांनी त्याला तिथेच धरलं. त्याच्या फोनमध्ये आणखी तीन गावांतल्या मुलींचे फोटो सापडले.

सोमवारी बाईंनी सगळ्यांसमोर पाचवा नियम पुसला आणि गौतमीला पुढे बोलावलं.

"तू खरं सांगायला आली होतीस आणि मी तुलाच शिक्षा केली. माझं चुकलं, गौतमी."

गौतमी लाजली. "असू द्या, बाई," एवढंच ती म्हणाली.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आपापली चूक सांगायला मुलांची रांग लागायची, बाईंना चहा काही गरम मिळाला नाही. एकाने वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी कुणाला तरी वाचून दाखवला होता. दुसरीने भलतीच जाहिरात उघडली होती. कुणाला गेम खेळताना एकजण शिव्या देत होता. बाई प्रत्येकाचं ऐकून घेत, काय करायचं ते शांतपणे समजावत.

शुक्रवारी रांगेच्या शेवटी पहिलीतला एक चिमुरडा उभा होता. पहिलीला कॉम्प्युटर अजून सुरूही झाला नव्हता.

"तुझं काय झालं रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "चुकलं की तुमच्याकडेच यायचं ना, ते विचारायला आलो."

तात्पर्य: चूक सांगायला आलेल्या मुलाचं आधी ऐकून घ्यावं, कारण खरं सांगून एकदा शिक्षा झाली, की पुढचं संकट ते एकट्यानेच सोसत राहतं.